कसबा पेठेत दोन दिवस: एकच पेठ, पण नीट

पुण्यात पाहुणे आले की आपलं ठरलेलं असतं. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, सारसबाग, पर्वती, वेळ उरला तर सिंहगड, आणि हे सगळं एका दिवसात. दोन वर्षांपूर्वी माझी मावसबहीण नाशिकहून आली तेव्हा मी पण अगदी हेच केलं, वर गाडी घेऊन गेले, पार्किंग शोधण्यात पाऊण तास, शेवटी जिथे लावली तिथून ती उचलून नेली, सोडवून आणेपर्यंत दुपारचे तीन. रात्री जेवताना ती म्हणाली, ताई पुढच्या वेळी एकच जागा बघू पण नीट बघू. ते माझ्या डोक्यात बसलं. मागच्या डिसेंबरात ती परत आली आणि आम्ही दोन दिवस फक्त कसबा पेठ आणि तिला लागून असलेल्या गल्ल्या एवढंच केलं, चालत, आणि इतकं छान झालं की तेव्हापासून चार-पाच जणींनी विचारलंय काय काय केलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

कसबाच का? एक तर माझं आजोळ तिथलं, त्यामुळे जीव आहे. पण ते सोडलं तरी पुण्यातली सगळ्यात जुनी वस्ती हीच. वारांच्या नावाच्या पेठा, सदाशिव, नारायण, या सगळ्या नंतर वसल्या, पुणं म्हणजे मुळात हे नदीकाठचं छोटं गाव. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ते जाळलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, गाव उजाड झालं, आणि मग जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन इथे आल्या, सोन्याचा नांगर फिरवून गाव परत वसवलं, ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकतोय. पण ती त्याच गल्लीत उभं राहून कोणाला तरी सांगून बघा, माझ्या अंगावर खरंच काटा आला.

आता तयारी. गाडी घरीच ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई अशी दोन्ही स्टेशनं आहेत, त्यामुळे स्वारगेटकडून या नाहीतर शिवाजीनगरकडून, थेट पेठेच्या पोटातच उतरता. चप्पल पटकन काढता येईल अशी घाला कारण दर पन्नास पावलांवर देऊळ आहे. सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, टोपी. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे घरातलं कल्हई गेलेलं एक पितळेचं भांडं बरोबर घ्या. आजीचं पातेलं, लंगडी, काहीही, माळ्यावर असतंच. ते का ते पुढे येईल.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पण पेठ सुंदर दिसते पण गल्ल्यांमधनं चालायला त्रास होतो. गणेशोत्सवात पहिल्यांदा जाऊ नका, उत्सव बघायचा तर जरूर जा पण पेठ बघायची असेल तर गर्दीत काहीच दिसत नाही.

शनिवारी सकाळी सातला तिथे पोचा. उशीर नको, कारण नऊनंतर रस्ते गाड्यांचे होतात आणि सात ते नऊ माणसांचे असतात. दारात सडा-रांगोळी चाललेली असते, दूध-पेपरवाल्यांच्या सायकली, देवळातल्या घंटा. मेट्रोतनं वर आलात की फडके हौद चौक जवळच. आधी एक कटिंग घ्या कुठल्याही अमृततुल्यमध्ये, पितळेच्या पातेल्यात उकळत असलेला, वेलची-आलं घातलेला, फडक्यातनं गाळलेला, आणि चहा पिता पिता या नावाचा विचार करा, हौद. पुण्यात पेठांमध्ये फिरताना हौद हा शब्द सतत भेटतो, फडके हौद, काळा हौद, कसब्यातला साततोटी पण त्यातलाच, सात तोट्यांचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातनं शहरात आणलं, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर, आणि ते पाणी शनिवारवाड्यात आणि गावातल्या हौदांमध्ये सोडलं, तिथनं लोक भरायचे. वाटेत नळाला मोकळी हवा मिळावी आणि गाळ काढता यावा म्हणून उभे दगडी उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास, काय सुंदर शब्द आहे. रोज ज्या चौकात आपण सिग्नलला वैतागतो त्याच्या नावात हे सगळं आहे हे कळलं की चौक वेगळा दिसायला लागतो.

मग कसबा गणपती. पुण्याचं ग्रामदैवत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतला मानाचा पहिला. देऊळ जिजाऊंनी बांधलं असं मानतात. शेंदराने माखलेली मूर्ती आहे, स्वयंभू म्हणतात. सकाळी गर्दी नसते तेव्हा सभामंडपात दहा मिनिटं नुसतं बसा, वर लाकडी कामाकडे बघा. आजूबाजूला राहणारी माणसं ऑफिसला जाता जाता चप्पल न काढता बाहेरूनच हात जोडून जातात, ते बघायला मला फार आवडतं, शेजाऱ्याला हाक मारावी तसं असतं ते.

लाल महाल दोन पावलांवर आहे. तिथे जाताना एवढं लक्षात ठेवा की आत्ता दिसतो तो मूळ महाल नाही, महापालिकेने १९८० च्या दशकात नव्याने उभारलेलं ते स्मारक आहे. मूळ वास्तू कधीच गेली. पण ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाइस्तेखानाची बोटं तुटली ती इथेच, आणि लहान मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना इथेच सांगा, घरी सांगू नका. अर्ध्या तासात बघून होतो.

नाश्त्याला आम्ही फडके हौदाजवळच्या वैद्य उपहार गृहात गेलो. शंभर वर्षांहून जुनी जागा. इथली मिसळ तर्रीवाली लालभडक नसते, आलं-मिरचीचा फिक्या रंगाचा रस्सा, बरोबर स्लाइस. कोल्हापुरी मिसळीची सवय असेल तर पहिल्या घासाला वेगळं वाटेल, तिसऱ्या घासाला कळेल. वेळा आधी बघून जा, दिवसभर उघडं असेल असं धरू नका.

साधारण दहाला तांबट आळीत जा. हे माझ्या मते या सगळ्या वीकेंडचं काळीज आहे त्यामुळे इथे भरपूर वेळ ठेवा. आळी दिसायच्या आधी ऐकू येते. ठण ठण ठण, एका दुकानातनं, मग दुसऱ्या दुकानातनं वेगळ्या लयीत, आणि दोन्ही मिळून एक तिसरीच लय. लहानपणी मामाकडे सुट्टीत जायचे तेव्हा सकाळी या आवाजानेच जाग यायची आणि मामी म्हणायची, अगं उठ, तांबट उठले. त्वष्टा कासार समाजाची ही आळी, पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेचं काम चाललंय. बंब, घंगाळं, हंडे, कळशा. आता बंब फारसं कोणी घेत नाही पण तांब्याचे जग, दिवे, ट्रे, हॉटेलांसाठी मोठमोठ्या कढया असं बरंच काही चालतं.

दारात उभं राहून विचारा, दादा जरा बघू का? हात चालू असतो म्हणून लगेच उत्तर नाही आलं तर थांबा, नाराज होऊ नका. आम्हाला एका काकांनी आत बसायला पाट दिला. ते एका घंगाळ्याचं मठारकाम करत होते. भांडं लोखंडी दांड्याच्या टोकावर उलटं धरलेलं, एका हाताने ते केसभर फिरवायचं, दुसऱ्या हाताने हातोडी, परत केसभर, परत हातोडी. प्रत्येक घावाला रुपयाएवढा एक गोल चकचकीत ठसा उमटतो आणि तो शेजारच्या ठशाला बरोब्बर चिकटून असतो, मध्ये फट नाही, वर चढलेला नाही. एक ओळ पूर्ण झाली की खालची. खूण केलेली नाही, पट्टी नाही. मी विचारलं हे डिझाइनसाठी का, तर ते म्हणाले दिसायला छान दिसतं ते आहेच पण ठोकल्याने पत्रा कडक होतो, नाहीतर तांबं मऊ, हाताने दाबलं तरी पोचा पडेल. माझ्या बहिणीने हातोडी मागितली, त्यांनी एका भंगारातल्या तुकड्यावर मारून बघायला दिली, तिचे चार ठसे चार दिशांना. काकांनी काहीच न बोलता तिचा मनगट धरून थोडा खाली केला आणि पाचवा ठसा नीट पडला. तो तुकडा ती नाशिकला घेऊन गेली.

आता ते भांडं. आळीत कल्हई कुठे करतात ते विचारा आणि तुमचं भांडं तिथे द्या, उद्या मिळेल का ते आधी पक्कं करा आणि भाव पण आधीच विचारून घ्या. मुद्दाम आज द्यायचं आणि उद्या घ्यायचं, कारण मग तुम्ही त्या आळीत दोनदा जाता, आणि दुसऱ्यांदा गेलं की तुम्ही नुसते बघे नसता, तुमचं काहीतरी तिथे असतं. काल जे फक्त मान हलवत होते ते आज बोलतात.

कल्हई होताना बघायला मिळाली तर सोडू नका. भाता मारून निखारे फुलवतात, भांडं तापवतात, आत नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि नाकात तो तिखट वास बसतो, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. काळपट पितळेवर एका श्वासात चांदीसारखी चमक पसरते. आंबट कळकू नये म्हणून हे सगळं. लगेच पाण्यात, चर्र, झालं.

दुपारी एक ते चार आराम करा. पेठेत अजून बरीच दुकानं दुपारी बंद असतात, ऊन असतं, आणि सकाळपासून चाललेलं असतं. जेवायला लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाउस चालतच पंधरा-वीस मिनिटांवर आहे, मराठी थाळी, घरच्यासारखं. बाहेरगावचे असाल तर पेठेतच एखाद्या लॉजवर रात्रीची खोली घ्या, लांब डेक्कन-बाणेरला राहिलात तर हे दुपारचं पडणं आणि रात्रीचं फिरणं दोन्ही हुकतं.

चारला शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला, शनिवारीच, पहिल्या बाजीरावांनी पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं त्यामुळे आत जोती आणि बगीचा एवढंच आहे, हे माहीत नसलं की लोक निराश होतात. म्हणून उलट करा, आत जायच्या आधी दिल्ली दरवाजासमोर उभं राहा आणि दारावरचे ते अणकुचीदार खिळे बघा, हत्तीने डोकं लावून दार फोडू नये म्हणून, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. मग वर नगारखान्यात चढा, लाकडी खांब अजून आहेत, तिथनं पेठ दिसते. आत हजारी कारंज्याचं कमळ शोधा, कात्रजचं पाणी इथपर्यंत यायचं ते आठवा, सकाळचा हौद आणि हे कारंजं एकाच नळाने जोडलेले. आणि नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला इथे झाला, अठरा वर्षांचं पोर. भुताच्या गोष्टी सांगण्यापेक्षा हे वय सांगा मुलांना, जास्त लागतं.

पुस्तकं आवडत असतील तर अप्पा बळवंत चौक शनिवारी संध्याकाळीच करून टाका कारण रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. बहिणीला तिथनं उठवायला मला पाऊण तास लागला.

रात्री जेवण झाल्यावर साडेनऊ-दहाला परत एकदा त्याच सकाळच्या गल्ल्यांमधनं चाला. हे कोणीच करत नाही. दुकानांची शटर खाली असतात म्हणून वरचे मजले दिसायला लागतात, लाकडी कठडे, कोरलेले सज्जे, एखाद्या खिडकीत निळसर टीव्ही. तांबट आळी चिडीचूप असते आणि ती शांतता पण ऐकण्यासारखी आहे.

वाडे कसे बघायचे ते इथेच सांगते. जे उरलेत त्यात माणसं राहतात, ती म्युझियम नाहीत, त्यामुळे दिंडीतनं सरळ आत घुसू नका. मोठ्या दरवाजाच्या पोटात जो छोटा दरवाजा असतो तो दिंडी, त्याच्या आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर. दारात कोणी आजी-आजोबा बसलेले असतील तर नमस्कार करा, विचारा आजोबा, वाडा बघितला तर चालेल का? दहातले सात हो म्हणतात आणि त्यातले तीन चहाला बसवतात. खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले असतात ते बघा, छताचा कडीपाट बघा, आणि खोली किती मोठी विचारलं तर फुटात नाही सांगत, खणांत सांगतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आणि पूर विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे बसले. माझ्या आजोळच्या वाड्याची मागची भिंत तेव्हाच गेली, पुढे सगळाच पाडला, आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे आणि मी अजूनही तिथनं जाताना वर बघते. वयस्कर माणसांना त्या दिवसाचं विचारलंत तर त्यांना सांगायचं असतं, फक्त घाई करू नका आणि मोबाइल समोर धरू नका.

रविवार थोडा मोकळा ठेवा. सकाळी जुना बाजार, तो रविवारी आणि बुधवारी भरतो, कसब्याला लागूनच मंगळवार पेठेच्या बाजूला. कुलपं, कंदील, नाणी, हत्यारं, घड्याळाचे सुटे भाग, सगळं जमिनीवर मांडलेलं. पाकीट सांभाळा, भाव करा, पण नाणं जुनं आहे म्हणून खूप पैसे मागत असतील तर घेऊ नका, ओळखता येत नाही. जवळच कुंभारवाडा आहे, दिवाळीच्या आधी गेलात तर पणत्यांचे ढीग, एरवी माठ, कुंड्या.

मग नागझरी ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. नागझरी म्हणजे जुन्या पुण्याची पूर्वेकडची हद्द, आता नाला झालाय याचं फार वाईट वाटतं. देऊळ कमला नेहरू हॉस्पिटलच्या जवळ आहे, गल्लीत आहे, रस्त्यावरून दिसत नाही, विचारत जा. १७५४ ते १७७० मध्ये भीमगिरजी गोसावी यांनी बांधलेलं, सगळं काळ्या दगडात, आणि पुण्यातल्या बाकी देवळांसारखं अजिबात नाही. आत गणपती तीन सोंडांचा, मोरावर बसलेला. पण दर्शनाआधी बाहेरची भिंत बघा. द्वारपाल, हत्ती, पोपट, आणि एका पट्टीत गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई. पुण्यातल्या देवळावर गेंडा! इंग्रजांनी बंगाल गिळला त्याचं हे चित्र असं अभ्यासक म्हणतात. अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी बातमी दगडात कोरून ठेवली. आम्ही त्या एका पट्टीसमोर वीस मिनिटं होतो. पुजारीकाका निवांत असतील तर ते स्वतः दाखवतात. शेजारीच नागेश्वराचं देऊळ आहे, ते पण करा.

एवढ्यात अकरा-साडेअकरा होतात. पाय दुखत नसतील आणि दुपारी सावलीत काहीतरी बघायचं असेल तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेल्या वीस हजारांवर वस्तू. मी मात्र म्हणेन ते वेगळ्या दिवशी करा. दोन दिवस एकाच पेठेला दिलेत तर द्या.

त्याऐवजी तांबट आळीत परत या, भांडं घ्यायला. आम्ही गेलो तेव्हा कालच्या काकांचं घंगाळं पूर्ण झालं होतं, दारात उन्हात ठेवलेलं, आणि सगळे ठसे एकदम चमकत होते. त्यांनी लांबूनच ओळखलं, म्हणाले नाशिककर आले का. आजीचं पातेलं आतनं आरशासारखं झालं होतं. घरी आणून लगेच खसाखसा घासू नका, पहिल्यांदा नुसत्या पाण्याने विसळा, तारेची घासणी तर कधीच लावू नका, आणि रिकामं भांडं गॅसवर ठेवू नका, कल्हई वितळते. त्या रात्री मी त्यात चिंच-गुळाची आमटी केली, बहीण दोनदा वाढून घेऊन जेवली आणि सोमवारी सकाळच्या शिवनेरीने गेली.